केनेडी: एका आयरिश आडनावाचे पहिले नाव कसे झाले

नामवेल्हाळ (धागाकर्ती)

आडनावच मुलाचे नाव म्हणून ठेवायची चाल इंग्रजी बोलणाऱ्या समाजांत जुनी आहे. हॉवर्ड, सिडनी, पर्सी, स्टॅन्ली ही आज सरसकट नावे वाटतात, पण मुळात ती इंग्लंडमधील सरदार घराण्यांची आडनावे आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र, विशेषतः अमेरिकेत, या चालीत आयरिश आडनावे पुढे आलेली दिसतात: केली, केसी, रायन, रायली, क्विन, ब्रेडी, नोलन, डिलेनी, कॅसिडी. या सगळ्यांत मला केनेडी या नावाविषयी लिहावेसे वाटते. ते सर्वांत जास्त ठेवले जाते म्हणून नव्हे, कारण त्या बाबतीत रायन कितीतरी पुढे आहे. परंतु केनेडी हे नाव केनियात मुलाचे असते, अमेरिकेत बहुधा मुलीचे असते, ब्राझीलमध्ये एखाद्या फुटबॉलपटूचे असते, आणि खुद्द आयर्लंडमध्ये मात्र ते जवळजवळ फक्त आडनावच राहिले आहे. हे असे का घडले असावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात दहाव्या शतकापासून करावी लागते. आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅनन नदीच्या परिसरात, थॉमंडच्या राज्यावर दाल गॅश कुळातला केनेतिग मॅक लॉर्कान हा राजा होता. तो ९५१ साली वारला. त्याचा मुलगा ब्रायन बोरू पुढे साऱ्या आयर्लंडचा राजा म्हणवला गेला आणि १०१४ साली डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याप्रमाणे तिथेही होती, आणि ब्रायनच्या एका पुतण्यालाही केनेतिग हेच नाव मिळाले होते. त्या पुतण्याच्या वंशजांनी पुढे ‘ओ किनेदे’ हे आडनाव धारण केले, असे वंशावळी सांगतात. ‘ओ’ म्हणजे नातू, आणि व्यापक अर्थाने वंशज. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आयरिश लोकांची आडनावे युरोपात सर्वांत आधी स्थिरावलेल्या आडनावांपैकी आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य अशी कुणा तरी पूर्वजाच्या पहिल्या नावावरून निघालेली आहेत. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आडनाव गावावरून, वतनावरून, व्यवसायावरून पडते, त्यामुळे आडनाव उचलून नाव म्हणून ठेवणे आपल्या कानाला विचित्र वाटते. केनेडी, क्विन, केली यांच्या बाबतीत मात्र ते मुळातच कुणाचे तरी स्वतःचे नाव होते. हजार वर्षे आडनाव म्हणून राबल्यावर ते पुन्हा नावाच्या जागी आले, एवढेच.

नावाच्या अर्थाविषयी दोन मते सांगितली जातात. नावाचा पहिला भाग ‘डोके’ या अर्थाचा आहे, यावर एकमत आहे. दुसरा भाग ‘कुरूप, ओबडधोबड’ या अर्थाच्या शब्दाचा की ‘चिलखत’ या अर्थाच्या शब्दाचा, हा वाद आहे; त्यानुसार ‘कुरूप डोक्याचा’ किंवा ‘शिरस्त्राणधारी’ असे दोन अर्थ निघतात. बाळांच्या नावांची पुस्तके साहजिकच शिरस्त्राण निवडतात. मला पहिला अर्थ अशक्य वाटत नाही, कारण गेलिक (म्हणजे आयर्लंड व स्कॉटलंडमधील जुनी भाषा बोलणाऱ्या) समाजात टोपणनावे रोखठोक असत. स्कॉटलंडमधील कॅमेरन म्हणजे वाकड्या नाकाचा आणि कॅम्पबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा, असे मानले जाते, तरीही कॅमेरन हे नाव ठेवायला कुणी कचरत नाही.

हे घराणे पुढे पूर्व क्लेअरमधून शॅनन ओलांडून उत्तर टिपररीत, नीना या गावाच्या आसपास स्थायिक झाले आणि तिथल्या ऑर्मंड प्रदेशाचे अधिपती झाले. त्याच्या तीन शाखा केसांच्या रंगांवरून ओळखल्या जात: तपकिरी, गोऱ्या केसांची आणि तांबडी. एक शाखा आग्नेयेकडील वेक्सफर्ड परगण्यात गेली, आणि जगाला माहीत असलेला केनेडी तिथूनच निघाला.

१८४५ ते १८४९ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी दगावली, आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. याच सुमारास वेक्सफर्डमधील न्यू रॉस गावाजवळच्या डंगन्सटाउन या खेड्यातला पॅट्रिक केनेडी हा तरुण बोस्टनला गेला, तिथे लाकडी पिंपे बनवण्याचे काम करू लागला, आणि १८५८ साली पस्तिशीतच पटकीने गेला. त्याच्या विधवेने दुकान चालवून मुले वाढवली. त्यांचा मुलगा पॅट्रिक जोसेफ मद्यगृहाचा मालक होऊन मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात पोहोचला, नातू जोसेफ ब्रिटनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, आणि पणतू जॉन १९६० साली अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. आयरिश कॅथलिक म्हणजे दारिद्र्य, दारू आणि पोपची गुलामी, असे ज्या देशात उघडपणे म्हटले जात होते, त्याच देशात हे घडले. या पदावर बसलेला तो पहिला कॅथलिक होता.

जून १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी आयर्लंडला गेले. डंगन्सटाउनच्या शेतघराच्या अंगणात नातलगांनी मांडलेल्या टेबलाशी उभे राहून त्यांनी चहा घेतला. न्यू रॉसच्या धक्क्यावर बोलताना, आपले पणजोबा इथून निघाले तेव्हा श्रद्धा आणि स्वातंत्र्याची ओढ यांपलीकडे त्यांच्याजवळ काहीही नव्हते, असे ते म्हणाले. पाच महिन्यांच्या आत, २२ नोव्हेंबरला, डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतर कितीतरी आयरिश घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, पोपची तसबीर आणि केनेडींचा फोटो असे तिन्ही शेजारी शेजारी लागले, आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले.

आता माझा प्रश्न असा आहे. एवढे प्रेम असताना आयर्लंडमध्ये मुलांची नावे केनेडी ठेवली गेली नाहीत, आणि जिथे टिपररी कुठे आहे हेही ठाऊक नाही तिथे ठेवली गेली. माझे मत असे आहे की आडनाव पहिले नाव व्हायला ते आधी आपल्या मातीपासून सुटावे लागते. नीनाजवळच्या एखाद्या शाळेत एका वर्गात चार केनेडी असतील, तर पाचव्याचे पहिले नाव केनेडी ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. जाणकारांनी भर घालावी.

रुईचे पान

धागा आवडला, परंतु दोन शंका नोंदवतो. पहिली अशी की केनेडी हे केवळ आयरिश आडनाव आहे का? स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, एअरशायरमध्ये केनेडी हे मोठे सरदार घराणे होते. कॅसिलिसचे अर्ल ते हेच. उत्तर आयर्लंडमधील बरेच प्रोटेस्टंट केनेडी त्या स्कॉटिश वंशाचे आहेत, त्यांचा ब्रायन बोरूशी संबंध नाही. दुसरी शंका अशी की अमेरिकेत मुलींचे नाव म्हणून केनेडी लोकप्रिय झाले ते १९९० नंतर. अध्यक्षांच्या हत्येला तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. मग त्या लोकप्रियतेचे श्रेय त्यांना कसे देता येईल? नाव कानाला गोड लागले म्हणून ठेवले, इतके साधे उत्तर पुरेसे नाही का?

सरोवरकाठ

मी मिशिगनमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे दुसऱ्या शंकेविषयी थोडे सांगू शकेन.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी प्रसिद्ध करते, आणि १८८० पासूनची आकडेवारी तिथे पाहायला मिळते. १९६०च्या दशकात केनेडी हे नाव ठेवले जात होते, पण ते मुलांचे. अध्यक्षांच्या कुटुंबाचा खरा प्रभाव त्या काळी जॅकलिन आणि कॅरोलाइन या मुलींच्या नावांवर दिसतो. म्हणजे त्या पिढीला आदर व्यक्त करायचा होता तेव्हा तिने पहिली नावे उचलली. मुलींच्या पहिल्या हजार नावांत केनेडी आले ते १९९४ साली. त्याच सुमारास संगीतवाहिनी एमटीव्हीवर केनेडी या एकाच नावाने ओळखली जाणारी एक निवेदिका तरुणांत फार लोकप्रिय होती. केनेडी हे तिचे मधले नाव. जाड काळ्या चौकटीचा चष्मा लावून ठासून बोलणारी ती मुलगी ज्यांनी पाहिली, त्यांना केनेडी हे मुलीचे नाव असू शकते हे पहिल्यांदा जाणवले असणार. २०१०च्या दशकात हे नाव मुलींच्या पहिल्या शंभरांत पोहोचले.

मात्र केवळ नाद गोड म्हणून, हे उत्तर मला अपुरे वाटते. नादाचा वाटा नक्कीच मोठा आहे. केली, केसी, रायली, डिलेनी, कॅसिडी, केनेडी या सर्वांचा शेवट ‘ई’ने होतो, आणि इंग्रजीत एमिली, लूसी, एमी अशा मुलींच्या नावांचा शेवट अनेकदा तसाच असल्याने ही आडनावे मुलींच्या रांगेत सहज बसतात. रायन आणि नोलन यांचा शेवट तसा नाही, म्हणून ती प्रामुख्याने मुलांकडे राहिली. परंतु मुलीला आडनाव देण्यामागे पालकांचा आणखी एक विचार असतो, जो पालकसभांत मी अनेकदा ऐकला आहे. मुलगी मोठी होऊन वकील किंवा डॉक्टर झाली, तर तिच्या दारावरच्या पाटीवर असे नाव शोभले पाहिजे, असे त्यांना वाटते. नाजूक फुलांची, गोंडस लाडाची नावे त्यांना नको असतात. आडनाव हे मोठ्या माणसाचे, कामाच्या ठिकाणी हाक मारायचे नाव वाटते. त्यात एक भारदस्तपणा असतो, आणि घरी केनी, केना असे लाडाचे रूपही काढता येते. केनेडी या नावाला तर व्हाइट हाउसची झळाळी आपोआप लाभते, आणि त्यासाठी अध्यक्षांची भाषणे माहीत असण्याची गरज नसते.

एक निरीक्षण मला विशेष वाटते. माझ्या वर्गात एका वर्षी केनेडी आणि रेगन या दोन्ही मुली होत्या आणि त्या एकाच बाकावर बसत. एक डेमोक्रॅट अध्यक्षाचे आडनाव, दुसरे रिपब्लिकन अध्यक्षाचे, आणि दोन्ही आयरिश. रेगनच्या आईवडिलांनी राजकीय आदरापोटी नाव ठेवले होते. केनेडीच्या आईने ते एका मासिकात वाचले होते. एकदा मुलींकडे आलेले असे नाव पुन्हा मुलांकडे फारसे जात नाही, हेही इथले जुने वळण आहे. ॲश्ली, शर्ली, बेव्हर्ली ही नावे आधी आडनावे होती, मग मुलांची नावे झाली, आणि नंतर मुलींची होऊन मुलांसाठी जवळजवळ बंद झाली.

नामवेल्हाळ

रुईचे पान, स्कॉटिश केनेडींविषयीची दुरुस्ती अगदी रास्त आहे. एअरशायरचा तो भागही एकेकाळी गेलिक बोलणाराच होता, त्यामुळे तेच पुरुषनाव दोन्हीकडे असण्यात नवल नाही. आज जगभर हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात मात्र बोस्टनचेच केनेडी असतात, म्हणून मी त्या धाग्याने गेले.

सरोवरकाठ, आपल्या प्रतिसादामुळे मुलींच्या संदर्भातली एक गोष्ट लिहायची राहून गेली हे लक्षात आले. आयरिश भाषेच्या नियमांनुसार मुलीचे आडनाव ‘ओ किनेदे’ असूच शकत नाही, कारण ‘ओ’ म्हणजे नातू आणि नात काही नातू नसते. अविवाहित मुलगी ‘नी हिनेदे’ होते, आणि त्या घरात सून म्हणून आलेली स्त्री ‘ई हिनेदे’ होते. आरंभीचा ‘क’सुद्धा मऊ होऊन जवळजवळ ‘ह’ होतो. आजही आयरिश माध्यमाच्या शाळांत आणि आयरिश भाषेतील बातम्यांत स्त्रियांची आडनावे अशीच लिहिली व उच्चारली जातात. इंग्रजी राजवटीत ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले, स्त्रीरूपे कागदोपत्री पुसली गेली, आणि सर्वांसाठी एकच केनेडी उरले. १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाल्यावर भाषेच्या चळवळीत अनेक घराण्यांनी ‘ओ’ परत लावला, परंतु केनेडींपैकी फार थोड्यांनी. नीनाचे राजकारणी मायकल ओकेनेडी हे त्या थोड्यांपैकी. आडनावाचे लिंग असे पुसले गेले नसते, तर ते अमेरिकेत मुलीचे नाव होऊ शकले नसते, असे मला वाटते.

अमेरिकेत आडनाव नावात शिरण्याचा आणखी एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे आईचे माहेर. आईचे माहेरचे आडनाव मुलाला पहिले किंवा मधले नाव म्हणून देण्याची तिथे, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, पद्धत आहे. अध्यक्षांचे स्वतःचेच उदाहरण पाहा. जॉन फिट्झजेराल्ड केनेडी या नावातले फिट्झजेराल्ड हे त्यांच्या आईचे, रोझ यांचे माहेरचे आडनाव होते, आणि आईचे वडील जॉन फिट्झजेराल्ड हे बोस्टनचे महापौर होते. आपल्याकडे मधल्या जागी वडिलांचे नाव येते आणि आईचे घर पूर्ण नाहीसे होते. त्या तुलनेत ही रीत मला फार चांगली वाटते.

पाचवा चेंडू

आफ्रिकेचा उल्लेख झाला आहे, म्हणून क्रिकेटकडून येतो. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाच्या सामन्यात केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. त्या केनियाच्या संघात केनेडी ओटिएनो होते. आघाडीचे फलंदाज, आणि अनेक सामन्यांत यष्टिरक्षकही. पुढे ते केनेडी ओबुया या नावानेही ओळखले गेले. डेव्हिड आणि कॉलिन्स ओबुया हे त्यांचे धाकटे भाऊ. कॉलिन्स हेसुद्धा पुन्हा आडनावच!

ओटिएनो हे लुओ जमातीतले नाव आहे आणि ते रात्री जन्मलेल्या मुलाला देतात. मुलगी असेल तर अटिएनो. म्हणजे केनेडी ओटिएनो या नावाचा एक भाग जन्मवेळ सांगतो, आणि दुसरा भाग १९६०च्या दशकातील पूर्व आफ्रिकेच्या आशा सांगतो. त्यामागे नेमके कारण आहे. केनियाचे तरुण नेते टॉम म्बोया हे स्वतः लुओ होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या देशाला शिकलेली माणसे हवीत म्हणून त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना विमानांनी अमेरिकेतील महाविद्यालयांत पाठवण्याची योजना आखली होती. १९६० साली पैशांची अडचण आली, तेव्हा ते जॉन केनेडींना भेटले, आणि केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने एक लाख डॉलर दिले. त्या विमानांतून गेलेले लोक परत येऊन प्राध्यापक, अधिकारी, मंत्री झाले. १९६३ साली, ज्या वर्षी डॅलसमध्ये हत्या झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात, केनिया स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या पिढीत केनियात, युगांडात, झांबियात मुलांची नावे केनेडी ठेवली गेली, आणि तिथे ते अजूनही मुलाचेच नाव आहे. अमेरिकेतील पालक जर नाद आणि रुबाब पाहून नाव ठेवत असतील, तर तिथे ते उपकाराची आठवण म्हणून ठेवले गेले. मला यात अधिक वजन दिसते.

ब्राझीलमध्येही हीच तऱ्हा आहे. २०२३च्या कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मारकानावर, जादा वेळेत बोका ज्युनियर्सविरुद्ध विजयी गोल करणारा फ्लुमिनेन्सेचा खेळाडू म्हणजे जॉन केनेडी. चेल्सीकडून खेळलेल्या केनेडीचे पूर्ण नाव तर रॉबर्ट केनेडी असे आहे. अध्यक्षांच्या धाकट्या भावाचे नाव, तेही सबंध, फक्त एक ‘एन’ कमी करून.

बावखल

वसईकर म्हणून लिहितो. आमच्या वसईत आणि गोव्यातही आडनावे ही नावे म्हणून वापरण्याची कुणालाच गंमत वाटत नाही. विल्सन, नेल्सन, मिल्टन, क्लिफर्ड, रायन ही नावे गल्लोगल्ली आहेत. गोव्याचे १९९० साली अल्पकाळ मुख्यमंत्री राहिलेले चर्चिल आलेमाव यांचे नाव तर सर्वांना माहीत आहे. आमच्या जुन्या पिढ्यांची नावे पोर्तुगीज वळणाची होती, पास्कू, इनास, पेद्रू अशी. आडनावे आजही डिसोजा, परेरा, लोपीस आहेत. इंग्रजी शाळा आल्या आणि नावे इंग्रजी झाली. इंग्रजी नावांत नाव कोणते आणि आडनाव कोणते, हा भेद आमच्या आजोबांना करायचे कारण नव्हते. नेल्सन हे आरमारी सेनापतीचे आडनाव आहे, हे माहीत असूनही ते नाव म्हणूनच आपलेसे झाले.

केनेडी या नावाला मात्र आमच्याकडे वेगळी किनार आहे, कारण अध्यक्ष केनेडी कॅथलिक होते. १९६०च्या दशकात जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा प्रमुख आपल्यासारखाच रविवारी मिस्साला जातो, ही गोष्ट इथल्या कॅथलिक घरांत अभिमानाने बोलली जाई. परंतु स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी एक अडचण होती. १९१७च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार मुलाला ख्रिस्ती नाव, म्हणजे व्यवहारात संताचे नाव, मिळेल याची काळजी धर्मगुरूने घ्यायची होती. पालकांनी तसे नाव दिले नाही, तर त्याने त्यात संताचे नाव जोडायचे होते. केनेडी नावाचा संत नाही. त्यामुळे नोंदवहीत ‘जॉन केनेडी’ अशी जोडनावे दिसतात, आणि हाक मारताना त्यातले केनेडी तेवढे उरते. तमिळ अभिनेते विक्रम यांचे जन्मनाव केनेडी जॉन व्हिक्टर आहे. त्यातही जॉन आहेच. १९८३च्या नव्या संहितेत नियम सैल झाला, आणि ख्रिस्ती भावनेला परके नाव नसावे एवढीच अट उरली.

रुईचे पान

बावखल, हा मुद्दा अगदी नवीन होता, आभारी आहे. माझी नादाची भूमिका आता मी फक्त अमेरिकेपुरती ठेवतो. पण मग हिंदू मराठी घरांत असे का झाले नाही? थोर पुरुषांविषयी आदर तर आपल्यालाही आहे.

नामवेल्हाळ

हा प्रश्न धाग्याच्या गाभ्याशी जाणारा आहे. आपण आदराने नाव ठेवतो तेव्हा पहिले नाव घेतो: शिवाजी, संभाजी, भीमराव, जोतिबा. आडनाव घेत नाही, कारण मराठी आडनाव गाव आणि जात या दोन्ही गोष्टी अंगावर वागवते, आणि ती सोडून फक्त त्या व्यक्तीचा गौरव उचलता येत नाही. एखाद्याने मुलाचे नाव पहिले नाव म्हणून ‘रानडे’ ठेवले, तर लोक आधी जात शोधतील आणि न्यायमूर्ती नंतर आठवतील. तामिळनाडूत नेमके उलट झाले. तिथे आडनाव लावण्याची रीत नाही, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे येते. त्यामुळे नेहरू, गांधी, बोस ही आडनावे तिथे सरळ पहिली नावे झाली. के. एन. नेहरू हे तिथले मंत्री राहिले आहेत. तिथलेच नेते एम. के. स्टॅलिन यांचे नाव सोव्हिएत नेते जोसेफ स्टॅलिन यांच्यावरून; त्यांचा जन्म १ मार्च १९५३चा, आणि जोसेफ स्टॅलिन ५ मार्चला वारले.

आयरिश आडनावातही कूळ आणि परगणा भरलेला असतो. टिपररीत रायन इतके आहेत की कोणता रायन हे कळावे म्हणून घराण्याघराण्याला जोडनाव लावावे लागते. तिथे रायन म्हटल्यावर लोक पुढचा प्रश्न विचारतात तो कोणत्या रायनांपैकी, असा. अटलांटिकच्या पलीकडे तो प्रश्न विचारणारे कुणी उरले नाही. मागे राहिले ते एक छोटे, सुटसुटीत, उच्चारायला सोपे नाव. १९६०च्या दशकात रायन ओ’नील या दूरचित्रवाणीवरील नटामुळे ते घरोघरी पोहोचले, आणि पुढे अमेरिकेतून फिरून आयर्लंडमध्येही मुलांचे नाव म्हणून रुळले. केनेडीच्या बाबतीत ही परतीची फेरी झालेली नाही. मला वाटते, आयरिश माणसाला त्या शब्दातून अजूनही ती भिंतीवरची तसबीरच दिसते, आणि एवढ्या एकाच माणसाचे झालेले नाव बाळाला देणे त्याला जड जाते. शिवाय अर्थपूर्ण नाव हवे असेल तर त्याच्याकडे फिन, किलियन, ओशीन, सीर्शा अशी स्वतःच्या भाषेतली पहिली नावे भरपूर आहेत.

सरोवरकाठ

माझ्या परिचयातील एक मराठी कुटुंब इथे मुलीसाठी याच नावाचा विचार करत आहे, म्हणून हा धागा त्यांना पाठवते आहे. त्यांची शंका अशी की केनेडी, मग वडिलांचे नाव, मग ‘कर’ने संपणारे आडनाव, हे एकत्र वाचताना कसे वाटेल.

नामवेल्हाळ

वाचायला अडचण येणार नाही, लय चांगली जमते. मात्र शाळेत आणि दवाखान्यात पहिले आणि शेवटचे नाव उलटसुलट लिहिले जाण्याची तयारी त्यांनी ठेवावी. केनेडी हे आडनाव समजून मुलीला त्याच नावाने यादीत टाकले जाण्याचा संभव आहे. अर्ज भरताना प्रत्येक वेळी तपासावे लागेल. आणि मुलीला शिरस्त्राणाबरोबर कुरूप डोक्याचाही अर्थ सांगावा, लपवू नये. ते नाव धारण करणाऱ्या जुन्या माणसांपैकी एक राजा होता, हेही सोबत सांगावे.

पाचवा चेंडू

बावखल, एक कुतूहल. केनेडी नावाचा संत नसेल, तर त्या मुलांचा नामदिन (ज्या संताचे नाव, त्याच्या सणाचा दिवस) वसईत कधी पाळला जात असे?

बावखल

जोडलेल्या संताचा. जॉन जोडले असेल तर बहुतेक घरी २४ जून, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण; गोव्यात त्यालाच सांजांव म्हणतात. काही घरांत शुभवर्तमानकार योहान मानतात, त्यांचा २७ डिसेंबर. कोणता योहान, हे आईवडील स्नानसंस्काराच्या वेळीच धर्मगुरूंना सांगून ठेवतात.